सायकलीवरील शोभेचे दिवे आणि रस्तासुरक्षा : एक चिकित्सक विवेचन

सारांश

सायकलीच्या चाकात फिरणारे रंगीत दिवे, वॉल्व्हच्या टोपणावर लुकलुकणारे दिवे, रस्त्यावर लेसरची आकृती पाडणारी उपकरणे आणि दिवे बसवलेली शिरस्त्राणे आता बाजारात सहज मिळतात. सुरक्षेचे साधन म्हणून त्यांची जाहिरात होते. त्याच वेळी ते इतरांचे लक्ष विचलित करतात असा आक्षेपही घेतला जातो. प्रस्तुत लेखात दृष्टिविज्ञान, उपलब्ध प्रयोग आणि निरनिराळ्या देशांतील नियम यांच्या आधारे या दोन्ही मतांची तपासणी केली आहे. दिव्याचे काम दखल, ओळख आणि अंदाज अशा तीन पायऱ्यांनी होते. शोभेचे दिवे पहिल्या पायरीला मदत करतात; पुढच्या दोन पायऱ्यांवर मात्र ते अनेकदा अपुरे पडतात. म्हणून ते नेहमीच्या दिव्यांना पूरक ठरू शकतात, पर्याय ठरू शकत नाहीत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सायकल, रस्तासुरक्षा, दृश्यमानता, लुकलुकणारा दिवा, रिफ्लेक्टर, अवधान.

१. प्रस्तावना

सायकल हे भारतातील कष्टकरी वर्गाचे आणि विद्यार्थ्यांचे वाहन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर जाण्यासाठी सायकल वापरत होते. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील जवळपास निम्म्या कुटुंबांकडे सायकल असल्याचे आढळले. याच्या दुसऱ्या बाजूस अपघातांचे चित्र आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत सायकलस्वारांची संख्या सुमारे ४,८०० होती. म्हणजे दररोज सरासरी तेरा सायकलस्वार घरी परतले नाहीत.

यातील प्रत्येक मृत्यूचे कारण अंधार होते असे नाही. तथापि सायंकाळी कारखान्यातून सुटणारा कामगार, पहाटे दूध किंवा वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, शिकवणीहून परतणारी विद्यार्थिनी यांच्या बाबतीत ‘आपण दिसतो की नाही’ हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. त्यामुळे सायकलीवरील दिव्याचा विचार हौशी मंडळींच्या आवडीनिवडीपुरता मर्यादित ठेवता येत नाही.

एकेकाळी सायकलीचा दिवा म्हणजे टायरला घासून चालणारा डायनॅमो आणि पुढचा गोल दिवा, एवढेच समीकरण होते. सहा व्होल्ट व तीन वॅट क्षमतेच्या या साधनाची एक मोठी उणीव होती. सायकल थांबली की दिवा विझे. म्हणजे चौकात उभ्या असलेल्या सायकलस्वाराला नेमका गरजेच्या क्षणी उजेड नसे. १९९० च्या दशकात निळ्या प्रकाशाचा कार्यक्षम एलईडी तयार झाला आणि त्यातून पांढरा एलईडी आला. या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अत्यल्प विजेवर चालणारा, हवा तो रंग देणारा आणि स्वस्त असा हा दिवा सायकलीच्या कोणत्याही भागावर बसवता येऊ लागला. शोभेच्या दिव्यांचा उगम या तांत्रिक बदलात आहे.

२. शोभेच्या दिव्यांचे प्रकार

विवेचनाच्या सोयीसाठी या दिव्यांचे चार गट करता येतील.

अ) चाकातील दिवे : स्पोकवर बसवलेले अथवा वॉल्व्हच्या टोपणाऐवजी लावलेले रंगीत दिवे या गटात येतात. काही महागड्या प्रकारांत चाक फिरत असताना डोळ्यांसमोर चित्र वा अक्षरे उमटतात.

आ) लुकलुकणारे दिवे : नेहमीच्याच जागी बसणारे, पण संथ, जलद, अनियमित अशा अनेक तऱ्हांनी उघडझाप करणारे दिवे.

इ) प्रक्षेपक दिवे : सायकलीच्या पुढे किंवा बाजूला रस्त्यावर लेसरने रेषा वा आकृती पाडणारे. लंडनच्या सार्वजनिक सायकल योजनेत २०१६ पासून हिरव्या रंगात सायकलची आकृती पुढच्या रस्त्यावर पाडणारे दिवे बसवण्यात आले. बस किंवा मालमोटारीच्या चालकाला शेजारची सायकल आंधळ्या कोनामुळे दिसत नाही. निदान तिच्या पुढची आकृती त्याला दिसावी, हा त्यामागील विचार होता.

ई) अंगावरील दिवे : शिरस्त्राण, पाठपिशवी, जाकीट यांवर बसवलेले दिवे.

या सर्वांना ‘शोभेचे’ म्हणताना त्यांची अवहेलना अभिप्रेत नाही. दिव्याची जागा, रंग किंवा चालण्याची पद्धत रूढ संकेतापेक्षा वेगळी आहे, एवढाच अर्थ येथे घ्यावयाचा आहे.

३. दखल, ओळख आणि अंदाज

मोटारचालकाने सायकलस्वाराला ‘पाहिले’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. पहिली म्हणजे दखल : समोर काहीतरी आहे हे कळणे. दुसरी ओळख : ते काहीतरी सायकल आहे, दुकानाची पाटी किंवा दूरचा खांब नव्हे, हे समजणे. तिसरी अंदाज : ती सायकल किती अंतरावर आहे, कोणत्या दिशेने व किती वेगाने जात आहे हे ताडणे. या तिन्ही पायऱ्या पूर्ण झाल्यावरच चालक योग्य कृती करू शकतो.

यासाठी लागणारा अवधी किती असतो, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात चालकाला धोका जाणवून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद गृहीत धरले आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगासाठी थांबण्यास आवश्यक दृष्टिअंतर ८० मीटर, तर ताशी १०० किलोमीटरसाठी १८० मीटर मानले आहे. आता ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीच्या मागून येत आहे असे समजू. दोघांमधील अंतर दर सेकंदाला साडेबारा मीटरने घटते. चालकाने सायकल ३० मीटरवर ओळखली, तर त्याच्या हाती केवळ २.४ सेकंद उरतात, म्हणजे ब्रेकवर पाय जाण्यापूर्वीच धडक होऊ शकते. तीच सायकल १०० मीटरवर ओळखली गेली, तर त्याला आठ सेकंद मिळतात. दिव्याचे खरे मोल या जादा सेकंदांत आहे.

४. लुकलुकणारा दिवा : दृष्टिविज्ञानाच्या कसोटीवर

स्थिर दिव्यापेक्षा लुकलुकणारा दिवा अधिक लक्ष वेधतो, ही सर्वसामान्य समजूत निराधार नाही. यँटिस व जोनायड्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, दृष्टिक्षेत्रात अकस्मात प्रकट होणारी वस्तू पाहणाऱ्याचे अवधान आपोआप खेचून घेते. डोळ्याच्या कडेचा भाग बारकावे टिपण्यात दुबळा असला, तरी हालचाल व उघडझाप टिपण्यात तरबेज असतो. त्यामुळे दखलेच्या पायरीवर लुकलुकण्याचा लाभ मान्य करावा लागतो.

परंतु याच गुणाची दुसरी बाजूही आहे. १९०२ मध्ये ब्रोका व सुल्झर यांनी असे निदर्शनास आणले की, पुरेशा तेजस्वी प्रकाशाचा अल्पकालीन झोत तेवढ्याच तीव्रतेच्या स्थिर प्रकाशापेक्षा अधिक तेजस्वी भासतो. उलट १९११ मध्ये ब्लाँडेल व रे यांनी जेमतेम दिसणाऱ्या, म्हणजे दूरच्या वा मंद दिव्यांचा अभ्यास केला, तेव्हा अल्पकालीन झोताची परिणामकारक तीव्रता स्थिर दिव्यापेक्षा कमी भरते असे आढळले. त्यांच्या सूत्रानुसार १२ कँडेला तीव्रतेचा झोत ०.१ सेकंदच टिकला, तर दूरवरून तो केवळ ४ कँडेलाच्या स्थिर दिव्याइतका परिणाम साधतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले असता एक विसंगती समोर येते. लुकलुकणारा दिवा दूरच्या चालकाला, ज्याला वेळेवर सूचना हवी आहे, त्याला तुलनेने फिका दिसतो. आणि जवळच्या पादचाऱ्याला किंवा समोरून येणाऱ्या सायकलस्वाराला मात्र अधिक दिपवतो.

अंदाजाच्या पायरीवर अडचण आणखी वाढते. सेकंदाला एकदाच लुकलुकणारा आणि प्रत्येक वेळी ०.१ सेकंदच उजळणारा दिवा ०.९ सेकंद काळोखात असतो. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार १५ मीटर पुढे आलेली असते. प्रत्येक झोतागणिक चालकाला सायकलीचे स्थान नव्याने शोधावे लागते. पूर्ण अंधारात एकाकी बिंदूसारखा दिवा स्थिर असूनही हलल्यासारखा भासतो, हेही मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मोटारीला मागे दोन दिवे असतात. त्यांच्यातील अंतर वाढत जाताना दिसले की आपण जवळ येत आहोत हे कळते. सायकलीच्या एकुलत्या दिव्याजवळ हा आधार नसतो. त्यात तो सतत विझत राहिला, तर आहे तो आधारही तुटतो.

उघडझापीच्या गतीचा आणखी एक पैलू आरोग्याशी निगडित आहे. साधारणपणे सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी तीव्र उघडझाप प्रकाशसंवेदी अपस्मार असणाऱ्या व्यक्तींना घातक ठरू शकते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रमालिकेतील लाल-निळ्या झगमगाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. सायकलीच्या लहान दिव्याची तुलना त्या घटनेशी तंतोतंत करता येणार नाही. पण अतिजलद लुकलुकणाऱ्या प्रखर दिव्यांबाबत सावधगिरी का हवी, हे त्यावरून समजते.

५. चाकातील दिवे : बाजूने उपयुक्त, मागून निरुपयोगी

चाकातील दिव्यांचे मूल्यमापन करताना अपघाताची भूमिती ध्यानात घ्यावी लागते. चाक बाजूने पाहिले तर पूर्ण वर्तुळ दिसते; मागून वा समोरून पाहिले तर केवळ एक अरुंद पट्टी. साहजिकच मागून भरधाव येणाऱ्या वाहनाला या दिव्यांचा प्रकाश अत्यल्प दिसतो. महामार्गावर किंवा अरुंद ग्रामीण रस्त्यावर सायकलस्वाराला खरी धास्ती मागच्या वाहनाची असते. तेथे केवळ चाकातील दिव्यांवर विसंबणे म्हणजे सुरक्षेचा आभास निर्माण करणे होय.

चौकात मात्र परिस्थिती बदलते. दोन रस्ते काटकोनात छेदतात, तेव्हा आडव्या रस्त्याने येणारी सायकल मोटारीच्या प्रकाशझोतात अगदी शेवटच्या क्षणी येते. रिफ्लेक्टर स्वयंप्रकाशी नसल्यामुळे, त्यावर झोत पडेपर्यंत त्याचा उपयोग शून्य असतो. शिवाय दोन वाहने परस्परांवर आदळण्याच्या मार्गावर असली, की चालकाच्या दृष्टीने दुसरे वाहन बराच वेळ एकाच कोनात, जणू स्तब्ध असल्यासारखे दिसते आणि म्हणून नजरेतून निसटते. अशा वेळी स्वतःचा प्रकाश असलेले फिरते चाक ही स्तब्धता मोडते. सुमारे दोन फूट व्यासाची दोन प्रकाशमान वर्तुळे शेजारी-शेजारी फिरताना दिसली, तर ती सायकल आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणजे येथे दखलेबरोबर ओळखही साधते. शोभेच्या दिव्यांच्या बाजूने करता येण्यासारखा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

तथापि हा लाभ साध्या वर्तुळाकार दिव्यांचा आहे; चाकात चित्रे उमटवणाऱ्या दिव्यांचा नव्हे. ताशी १५ किलोमीटर वेगाला सायकलीचे चाक सेकंदाला साधारण दोनच फेरे घेते. एवढ्या मंद गतीत, दिव्यांच्या अनेक पट्ट्या असल्याखेरीज चित्र अखंड दिसत नाही. ते तुटक चमकांच्या रूपात दिसते. आणि चित्र नीट उमटलेच, तर चालक ते ‘वाचण्यात’ गुंततो. जे दृश्य समजून घेण्यासाठी क्षणभर अधिक पाहावे लागते, ते दृश्य रस्त्यावरील इतर सर्व गोष्टींपासून तेवढाच क्षण हिरावून घेते. लक्ष वेधणे आणि लक्ष विचलित करणे यांतील सीमारेषा येथे आखता येते : जे पाहताक्षणी उमगते ते लक्ष वेधते, जे उमगण्यासाठी पाहत राहावे लागते ते लक्ष विचलित करते.

६. प्रयोगांची साक्ष

या विषयावरील दोन प्रयोग विशेष उल्लेखनीय आहेत. त्यांचे निष्कर्ष वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात.

पहिला प्रयोग डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये झाला व त्याचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३,८४५ सायकलस्वार सहभागी होते. एका गटाच्या सायकलींना स्पोकवरील चुंबकाच्या साहाय्याने, बॅटरीशिवाय, सायकल चालू असताना दिवसा व रात्री सतत लागणारे दिवे बसवले. दुसऱ्या गटाने नेहमीप्रमाणे सायकल चालवली. दिवे असलेल्या गटात इजा होणाऱ्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. अपघातांची नोंद सहभागी व्यक्तींनी स्वतःच करावयाची होती आणि आपल्याला दिवा मिळाला आहे हे प्रत्येकास ठाऊक होते, ही या प्रयोगाची मर्यादा आहे. तरीही एवढ्या मोठ्या संख्येने व तुलनात्मक गट ठेवून केलेला असा अभ्यास दुर्मीळ असल्याने त्याचे महत्त्व कमी होत नाही. चुंबकावर चालणारा दिवा हीदेखील त्या काळी एक नवलाईच होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जोआन वूड व त्यांच्या सहकाऱ्यांचा असून तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीच्या वेळी वाहतुकीस बंद असलेल्या मार्गावर चालकांनी सायकलस्वाराला किती वेळा ओळखले, याची त्यात नोंद घेण्यात आली. काळ्या कपड्यांतील सायकलस्वार केवळ २ टक्के वेळा ओळखला गेला. चमकदार रंगाच्या बंडीत १५ टक्के. प्रकाश परावर्तित करणाऱ्या बंडीत ५० टक्के. आणि त्याच बंडीसोबत घोटे व गुडघ्यांवर परावर्तक पट्ट्या बांधल्यावर ९० टक्के. हँडलवरील दिवा, मग तो स्थिर असो वा लुकलुकणारा, ओळखण्यात भर घालू शकला नाही. दिवा आहे म्हणून आपण दिसतोच, असा फाजील विश्वास सायकलस्वाराच्या मनात निर्माण होण्याची शक्यताही संशोधकांनी व्यक्त केली.

घोट्यावरील दीड-दोन इंचाच्या पट्टीत एवढे सामर्थ्य कोठून येते? याचे उत्तर स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील गुन्नार योहान्सन यांच्या १९७३ च्या प्रसिद्ध संशोधनात सापडते. काळोखात माणसाच्या सांध्यांवर केवळ प्रकाशबिंदू लावले, तरी त्या बिंदूंच्या हालचालीवरून पाहणाऱ्याला क्षणार्धात ‘हा चालणारा माणूस आहे’ हे उमगते. पायडल मारणाऱ्या पायांची वर-खाली होणारी लय ही अशीच सायकलस्वाराची सही आहे. कोणताही लुकलुकणारा दिवा ही सही करू शकत नाही.

दोन्ही प्रयोगांतील विरोध आता सहज उलगडतो. ओडेन्स येथील प्रयोगाने प्रत्यक्ष रहदारीत, दिवसाउजेडीही, दखलेचा लाभ मोजला. ऑस्ट्रेलियातील प्रयोगाने रात्रीच्या काळोखात ओळखीची कसोटी लावली. दिवा दखलेसाठी उपयोगी आहे; पण ओळखीसाठी आकार व लय लागते.

७. नियम व संकेत

दिव्याचा रंग आणि जागा ही वाहतुकीची भाषा आहे. पुढे पांढरा, मागे लाल हा संकेत १९६८ च्या रस्ते वाहतुकीविषयीच्या व्हिएन्ना करारातही आहे. सायकलीसाठी पुढे पांढरा किंवा फिकट पिवळा व मागे लाल दिवा त्यात सांगितला आहे. लाल दिसला की वाहन आपल्यापासून दूर जात आहे, पांढरा दिसला की आपल्याकडे येत आहे, हे चालकाला विचार न करता समजते. पुढच्या चाकात लाल आणि मागच्या चाकात पांढरा दिवा लावणारा सायकलस्वार ही भाषाच उलटी बोलतो. लाल-निळ्या झगमगत्या दिव्यांबाबत हा दोष अधिक गंभीर आहे. भारतात १ मे २०१७ पासून मान्यवरांच्या गाड्यांवरील लाल दिवे हटवण्यात आले. झगमगते दिवे रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा तातडीच्या सेवांसाठी राखले गेले. सायकलीवरील तशा दिव्यांमुळे त्या संकेताची किंमत घटते.

लुकलुकणाऱ्या दिव्यांविषयी मात्र देशोदेशी एकमत नाही. जर्मनीच्या वाहन नियमावलीत सायकलीवरील लुकलुकणाऱ्या पुढच्या व मागच्या दिव्यांना मनाई आहे. त्याच वेळी पायडलांवर पिवळे रिफ्लेक्टर आणि चाकांवर बाजूने दिसणारे परावर्तक सक्तीचे आहेत. ब्रिटनने २००५ मध्ये नियम बदलून मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यांना परवानगी दिली. जर्मन नियम ओळख व अंदाज यांना झुकते माप देतो, ब्रिटिश नियम दखलेला. भारतात २०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलीच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु नव्या सायकलीबरोबर रिफ्लेक्टर मिळत असला, तरी दिवा बहुधा स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो.

८. भारतीय रस्त्यांचा संदर्भ

युरोपातील निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) आपल्या बाजारपेठांतील रस्ते दिव्यांच्या पाट्यांनी उजळलेले असतात. गणेशोत्सव व दिवाळीच्या दिवसांत तर रोषणाईची लयलूट असते. अशा पार्श्वभूमीवर रंगीबेरंगी लुकलुकणारा दिवा उठून दिसण्याऐवजी तिच्यात विरघळून जातो. जेथे सगळेच लुकलुकते, तेथे स्थिर लाल दिवा अधिक वेगळा दिसतो.

२) १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकी वाहनांचा पुढचा दिवा इंजिन सुरू असताना कायम चालू राहतो. दुचाकीच्या सुरक्षेसाठी हे उपयुक्त असले, तरी शेकडो प्रखर दिव्यांच्या गर्दीत सायकलीचा क्षीण दिवा झाकोळतो.

३) ग्रामीण रस्त्यांवर पथदिवे नसतात, कडेला साइडपट्टी खचलेली असते आणि समोरच्या वाहनाचा झोत डोळ्यांवर येतो. तेथे मागून स्पष्ट दिसणारा, अखंड तेवणारा लाल दिवा आणि मोठा रिफ्लेक्टर यांना पर्याय नाही.

४) किंमत हा घटक निर्णायक आहे. ज्यांच्या जिवाला सर्वाधिक धोका आहे, त्यांच्याकडे शोभेचा दिवा नसतोच. बहुधा कोणताच दिवा नसतो. त्यामुळे शोभेचे दिवे विचलित करतात की नाही या चर्चेत, बिनदिव्याची सायकल हा मूळ प्रश्न मागे पडता कामा नये.

या संदर्भात महाराष्ट्रातील एक अनुभव मार्गदर्शक आहे. ऊसतोडणीच्या हंगामात रात्री रस्त्याने जाणाऱ्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागून धडक बसून होणाऱ्या अपघातांवर उपाय म्हणून साखर कारखाने, पोलीस व परिवहन विभाग परावर्तक पट्ट्या व लाल कापड लावण्याच्या मोहिमा घेत आले आहेत. लोकांच्या बोलीत या पट्टीचे नाव ‘रेडियम’. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, ती चोरीलाही जात नाही. सायकलीच्या पायडलांच्या पुढच्या-मागच्या कडा, मागचा मडगार्ड आणि कॅरिअर येथे तीच पट्टी चिकटवली, तर पायांच्या हालचालीची लय मागच्या चालकाला दिसते. मात्र रेडियम परक्या प्रकाशावर अवलंबून असते आणि धुळीने निस्तेज होते, म्हणून ते दिव्याचा जोडीदार ठरते, दिव्याची जागा घेत नाही.

९. शोभेच्या दिव्यांची जमेची बाजू

वरील मर्यादा सांगितल्यानंतर एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करावी लागेल. सुरक्षेचे साधन वापरले गेले तरच उपयोगी पडते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मागचा लाल दिवा लावण्याचा कंटाळा येतो; पण चाकातील रंगीत दिवे तो हौसेने लावतो, त्यांची बॅटरी आठवणीने बदलतो आणि मित्रांना दाखवतो. ही हौस हे वाया घालवण्याजोगे भांडवल नव्हे. पालकांनी व शिक्षकांनी तिला ‘चाकातले दिवे लावायचे असतील, तर मागचा लाल दिवा आधी’ अशी अट जोडली, तर हौस आणि सुरक्षा यांचा मेळ बसू शकतो.

तसेच दिव्याची सगळी जबाबदारी सायकलस्वारावर टाकून मोटारचालकाला मोकळे सोडता येणार नाही. वेगमर्यादा पाळणे, समोरून वाहन येत असता झोत खाली करणे आणि पुरेसे अंतर ठेवून पुढे जाणे ही त्याची कर्तव्ये आहेत. दिवा हे संरक्षण आहे. अपघाताचा दोष ठरवण्याचे ते निमित्त होऊ नये.

१०. निष्कर्ष व शिफारशी

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) शोभेचे दिवे ‘उपकारक’ की ‘अपायकारक’ असा सरसकट निवाडा देता येत नाही. दखल, ओळख व अंदाज या तीन कसोट्यांवर प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

२) चाकातील एकरंगी, स्थिर तेजाचे दिवे चौकातील सुरक्षेत भर घालतात. चित्रे उमटवणारे, सतत रंग बदलणारे वा अतिजलद लुकलुकणारे दिवे लक्ष विचलित करण्याची शक्यता अधिक.

३) मागे स्थिर लाल, पुढे स्थिर पांढरा ही किमान गरज आहे. लुकलुकणारा दिवा हवाच असेल तर तो स्थिर दिव्याच्या जोडीला, मंद तेजाचा व खाली झुकवलेला असावा.

४) पायडल व घोट्यांवरील परावर्तक पट्टी हा सर्वांत स्वस्त व ओळखीच्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

५) निळे किंवा लाल-निळे झगमगते दिवे, तसेच पुढे लाल व मागे पांढरा अशी उलट मांडणी टाळावी.

महाविद्यालयांना या बाबतीत सहज करता येण्यासारखे पुष्कळ आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून वर्षारंभी सायकलतळावरील प्रत्येक सायकलीची तपासणी करणे, पायडलांना रेडियमच्या पट्ट्या लावणे आणि सायंकाळच्या वर्गांना येणाऱ्या विद्यार्थ्यांकडे मागचा दिवा असल्याची खात्री करणे यासाठी मोठा निधी लागत नाही. भौतिकशास्त्र व मानसशास्त्र विभागांना संयुक्तपणे एक छोटा प्रकल्पही हाती घेता येईल : रात्री मैदानाच्या एका टोकाला निरनिराळ्या दिव्यांच्या सायकली ठेवून, किती अंतरावरून ‘काहीतरी आहे’ हे कळते आणि किती अंतरावरून ‘सायकल आहे’ हे कळते, याची स्वतंत्र नोंद विद्यार्थ्यांनी घ्यावी. या दोन अंतरांमधील तफावत त्यांनी स्वतः मोजली, की दिवा निवडताना तो किती चमकतो याबरोबरच तो काय सांगतो हाही प्रश्न ते विचारू लागतील.